खांद्याचं माप

बीड जिल्ह्यात बंदूक म्हटलं की माणसाचा हात कमरेकडं जातो, खांद्याकडं नाही. कमरेला लावायचं ते पिस्तूल. ते नेमासाठी कमी आणि शर्ट जरा वर सरकला की चारचौघांना दिसावं यासाठी जास्त. 2024 च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर साऱ्या महाराष्ट्रानं आमच्या जिल्ह्यातले शस्त्रपरवाने मोजायला घेतले. हजाराच्या वर भरले. पिस्तूल नाचवत काढलेले रील, हवेत बार काढतानाचे व्हिडिओ, सगळं बाहेर आलं. मग फेरतपासणी झाली, बरेच परवाने रद्द झाले. अंबाजोगाईच्या टपऱ्यांवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारायचे, "तुमच्याकडं बरंय ना?" जसं काही आम्ही मंडईत मेथीची जुडी आणायलाही काडतुसांचा पट्टा लावून जातो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या भाचीनं जेवता जेवता सांगून टाकलं, "मामा, मला छऱ्याची बंदूक शिकायचीय. ट्रॅप नाहीतर स्कीट, काहीपण चालंल."

बहिणीच्या हातातली पळी तशीच राहिली. पोरगी नववीत. अंगानं शिडशिडीत, उंची चार फूट नऊ इंच, वजन अडतीस किलो, तेही दप्तरासकट असावं असा माझा संशय. शाळेच्या एनसीसीत तिनं पॉइंट टू टू रायफल चालवली होती. जमिनीवर पालथं पडून, पाय फाकवून, रायफलीचं वजन जमिनीवर टेकवून. निशाण बरं बसलं होतं. पण तिचं मन रायफलीत नव्हतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर रायफलीत कांस्य मिळवलं, ते सगळ्या घरानं टाळ्या वाजवून पाहिलं. ती मात्र अडकली होती चार दिवसांनंतरच्या सामन्यात. स्कीटच्या मिश्र दुहेरीत महेश्वरी चौहान आणि अनंतजित सिंग नरुका चीनकडून 43 विरुद्ध 44 असे हरले. एका कबुतरानं, म्हणजे हवेत फेकलेल्या एका तबकडीनं, पदक गेलं. "रायफलीत सगळं थांबलेलं असतं मामा," ती म्हणाली, "इथं ते उडतं."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण ते खरंच आहे.

घरात बंदूक होतीच. आजोबांची बाराबोर दुनळी, वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमची. परवाना आजोबांकडून वडिलांकडं, वडिलांकडून माझ्याकडं आला. आता तिचं काम एवढंच की खंडेनवमीला पाटावर बसायचं, हळदीकुंकू लावून घ्यायचं, झेंडूची माळ घालून घ्यायची, आणि निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जाऊन पडायचं. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या, म्हणून ती दोनदा ठाण्यात मुक्कामाला होती. एके काळी मात्र ती कामाची होती. आमचं शेत बालाघाटाच्या काठावर, बर्दापूरच्या बाजूला. भुईमुगाच्या दिवसांत रानडुकरं खालच्या दरीतून वर यायची, रोही यायचे, हरणांचे कळप ज्वारीत शिरायचे. रात्रभर जागल करावी लागायची. आजोबा तालुक्याला कामाला अडकले की जागलीला आजी बसायची.

आजोबा सहा फूट. आजी जेमतेम पावणेपाच. ती दुनळी आजोबांसाठी केलेली नव्हती, पण त्यांच्याच मापाच्या कुणा साहेबासाठी केलेली असणार, कारण त्यांच्या खांद्याला ती चपखल बसायची. आजीच्या खांद्याला ती बसायचीच नाही. हात पुरायचा नाही. दस्ता खांद्यात घेतला तर चापापर्यंत बोट पोचायचं नाही, आणि बोट चापावर ठेवलं तर दस्ता खांद्याच्या मागं निघून जायचा. मग ती दस्ता काखेत दाबायची. डावा हात नळीखाली ताणायची, पुढच्या वजनाला तोल म्हणून कमरेतून मागं झुकायची, मान बाजूला वळवायची आणि डोळे मिटून बार काढायची. डुकरं आवाजानं पळायची, छऱ्याचा त्यात काही हात नसायचा. एकदा दस्ता काखेतून निसटून दंडावर बसला. दंड काळानिळा पडला, रक्तचंदन उगाळून उगाळून लावावं लागलं. घरात हा किस्सा हसण्यावारी जायचा. बायकांच्या हातात बंदूक दिली की असं होतं, असा त्याचा शेवट असे. दस्ता दोन इंच लांब आहे, हे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आजीनंसुद्धा नाही.

मी ते टेप लावून मोजलं. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत साडेचौदा इंच. बंदुकीच्या धंद्यात सगळ्यात आधी विचारतात ते हेच माप. मोठ्या माणसाच्या बंदुकीला ते साधारण चौदा ते साडेचौदा असतं. भाचीच्या अंगलटीच्या पोरीला बारा-साडेबाराच्या आसपास लागतं. जुन्या शिकाऱ्यांची एक पद्धत आहे: कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खळीत टेकवायचं आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर येतं का बघायचं. बघायला सोपी, पण अर्धवट. तिच्यात हात मोजला जातो. मान किती लांब, गाल किती भरलेला, खांदा किती रुंद, छाती कशी, अंगात स्वेटर आहे की नाही, यातलं काहीच मोजलं जात नाही. त्यापेक्षा बंदूक खांद्याला लावल्यावर चापाच्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यात अंतर बघावं. दोन-तीन बोटं राहिली तर ठीक. अंगठा नाकाला लागत असेल तर दस्ता आखूड. बार झाला की पहिला मार नाकाला. आणि नाक कुठल्या कुठं मागं राहत असेल तर लांब.

लांब दस्ता किती प्रकारे त्रास देतो ते बघण्यासारखं आहे. खांद्याशी आणताना तो कुडत्यात, दुपट्ट्यात, काखेत अडकतो. तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाच्या गोळ्यावर बसतो. गाल लाकडावर मागच्या बाजूला टेकतो, तिथं लाकूड खाली उतरलेलं असतं, म्हणून डोळा नळीच्या पातळीच्या खाली जातो. छऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी मागची खाच नसते. पुढं एक मणी असतो तेवढाच. मागची खाच म्हणजे तुमचा डोळा. डोळा हलला की बंदूक हलली. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे पाठ. पोर कमरेतून मागं झुकलेलं दिसलं की बाकी काही तपासायची गरज नाही. बंदूक तिच्या मापाची नाही, एवढं समजावं आणि काडतूस न घालताच खाली ठेवायला सांगावं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. दस्त्याचं मागचं खालचं टोक सरळ पुरुषाच्या सपाट छातीच्या हिशेबानं कापलेलं असतं. मुलीला ते टोक रुततं. रुततं म्हणून ती दस्ता बाहेरच्या बाजूला, दंडाकडं सरकवते, आणि मग शिकवणारे तिला ओरडतात की खांद्यात घे, खांद्यात घे. ते टोक थोडं बाहेर वळवून घेतलं, कोन जरा बदलला, की ओरडायचं कारण उरत नाही.

दाजींना हे सगळं ऐकायचं नव्हतं. आमचे दाजी मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात आणि कोणत्याही प्रश्नाला पार्ट नंबर असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. "पोर लहान आहे, बंदूक लहान घेऊ. सगळ्यात हलकी कोणती येते ती सांगा," ते म्हणाले. दहातले नऊ बाप हेच म्हणतील. दुकानदारही तेच सुचवतो. आणि इथंच घोटाळा आहे.

काडतुसातून छर्रा ज्या जोरानं पुढं जातो तेवढाच रेटा बंदुकीला मागं मिळतो. काडतूस तेच ठेवलं आणि बंदुकीचं वजन निम्मं केलं तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. रिकामी बैलगाडी दगडावरून गेली की गाडीवान उडतो, पोत्यांनी भरलेली गेली तर नुसती हलते. दाजींना हे लगेच पटलं, कारण त्यांचं लहानपण गाडीतच गेलंय. तेव्हा साडेतीन किलोची बाराबोर 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसानं चालवली तर ती त्याच 24 ग्रॅमच्या अडीच किलोच्या वीसबोरपेक्षा खांद्याला मऊ लागते. आकड्यानं मोठी बंदूक अंगाला लहान, आणि लहान बंदूक अंगाला मोठी.

मग लेकरानं साडेतीन किलो पेलायची कशी? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक पोराला वेगळं आहे. वजन किती यापेक्षा ते कुठं आहे हे जास्त महत्त्वाचं. तेच वजन दोन्ही हातांच्या मधे असेल तर पेलतं. नळीच्या टोकाकडं असेल तर डावा हात पाच मिनिटांत थरथरायला लागतो. बत्तीस इंची नळीऐवजी अठ्ठावीस इंची घेतली की पुढचा भार उतरतो. उरतं ते दंडाचं आणि पाठीचं काम, म्हणजे रोजच्या व्यायामाचं. त्याला बंदूक लागत नाही.

बोरचा हिशेब दाजींना उलटा वाटला, तो आहेच उलटा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोर. वीस केल्या तर गोळी लहान, नळी अरुंद, ती वीसबोर. चारशे दहा मात्र या हिशेबातली नाही. ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली आहे, आणि पोरांच्या हातात हौसेनं दिली जाते ती बहुतेक वेळा हीच. दिसायला नाजूक, झटका कमी, आवाज कमी. पण तिच्या नेहमीच्या काडतुसात छर्रा 14 ग्रॅमच. उडत्या तबकडीभोवती त्या छऱ्याचं जाळं इतकं विरळ पडतं की कसलेल्या माणसाचीही परीक्षा होते. पोर चुकतं, पुन्हा चुकतं, आणि मला हे जमत नाही असं मनात धरून बसतं. शिकणाऱ्याला तबकडी फुटलेली दिसली पाहिजे, पहिल्या दिवशी दिसली पाहिजे. म्हणून चारशे दहा मी जाणत्याच्याच हातात ठेवीन. अठ्ठावीसबोर 21 ग्रॅमवर गोड चालते, पण तिची काडतुसं आपल्याकडं शोधत फिरावं लागतं. राहता राहिल्या दोन: वीसबोर, फार हलकी नसलेली, किंवा बाराबोर, आखूड दस्त्याची, 24 ग्रॅमवर किंवा त्याहून हलक्यावर. माझं मत दुसरीकडं झुकतं. ट्रॅप-स्कीटच्या स्पर्धेत 24 ग्रॅमच्या वर जाताच येत नाही, म्हणजे पुढं जाऊनही तेच काडतूस राहणार.

झटक्याबद्दल मी एवढं का लिहितोय? कारण झटक्यानं खांदा दुखतो ही त्यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट मनात होते. चाप ओढायच्या क्षणी पोर आधीच डोळे मिटतं, खांदा मागं घेतं, नळीचं तोंड खाली आपटतं. तिला स्वतःला हे कळतही नाही. जाणते प्रशिक्षक न सांगता एखादं खोटं काडतूस घालतात. बार होत नाही, पण नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. ही सवय एकदा लागली की काढायला महिने जातात, काहींची जन्मभर जात नाही. माझ्या आजीनं मान वळवून डोळे मिटले ते भित्रेपणानं नाही. डुकरांच्या रात्री माळ्यावर एकटी बसणाऱ्या बाईला भित्री कोण म्हणेल? लांब दस्त्यानं तिला ते शिकवलं होतं.

माप ही गोष्ट सैन्याला फार आधी कळली होती. आमचं हे गाव मोमिनाबाद होतं तेव्हा इथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडेस्वाराला पायदळाची लांब बंदूक सहसा देत नसत, त्याला आखूड कार्बाइन. घोड्यावर बसलेल्या माणसाचं माप वेगळं, हे कुणी वाद न घालता मान्य केलेलं. पुढं ली-एनफिल्ड रायफलीला तर चार लांबीचे दस्ते निघाले: बँटम, शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग, एकापेक्षा एक अर्ध्या इंचानं मोठा. कॉलेजात असताना एनसीसीत आमच्या हातात थ्री नॉट थ्री असायची. तिच्या दस्त्यावर वरच्या अंगाला एक 'एस' ठोकलेला मला दिसला होता. मी हवालदारांना विचारलं, हा कुणाच्या नावाचा? ते म्हणाले, "नावाचा नाही, हाताचा. आखूड हाताचा." इंग्रजांच्या फौजेनं बुटक्या शिपायालासुद्धा अर्ध्या इंचाचा विचार देऊन ठेवला होता. आणि आपल्याकडं घरोघरच्या दुनळ्या आजोबांच्या मापाच्या, नातवंडांनी त्यात मावायचं.

घरची दुनळी भाचीच्या हातात द्यायची नाही, हे मी ठरवलेलंच होतं. कायदा आडवा येतो तो पुढं सांगतो. पण माप तर काढायला हवं. म्हणून आमच्या गल्लीतल्या सुताराकडं गेलो. त्याला बंदुकीचं चित्र काढून दाखवलं, दस्त्याचा उतार समजावला. त्यानं बाभळीचा एक जुना ओंडका काढला, कारण सागवान हलकं पडलं असतं. नळीच्या जागी लोखंडी पाईप टाकू म्हणजे वजन येईल, असं मीच सुचवलं, तर तो रंधा थांबवून माझ्याकडं बघत राहिला. "सर, पाईप नको. कोणी फोटो काढून टाकला तर मला आधी उचलतील." दिवस तसेच होते. त्यानं अख्खी बाभळीचीच केली, वर पिवळाधमक ऑइल पेंट मारला, आणि चापाच्या जागी एक खिळा वाकवून बसवला. दस्ता मुद्दाम साडेचौदा इंची ठेवला होता. भाचीनं तो खांद्याला लावला आणि आजी दिसली: कंबर मागं, मान वाकडी, डावा हात ताठ. सुतारानं मागून अर्ध्या इंचाची चकती कापली. पुन्हा लावला. पुन्हा अर्धा इंच. तिसऱ्या कापानंतर पाठ सरळ झाली. चौथ्यानंतर तिनं आपण होऊन उजवं पाऊल मागं घेतलं, अंग थोडं पुढं झुकवलं, आणि गाल लाकडावर जाऊन बसला. कुणी काही सांगितलं नव्हतं. सुतार म्हणाला, "हां, आता बसली." त्यानं आयुष्यात बंदूक चालवलेली नाही.

कापलेल्या चकत्या टाकायच्या नसतात. पोर वाढतं, दरवर्षी एक-एक मागं लावत जायची. चांगल्या कारखान्यांच्या पोरांसाठीच्या बंदुकांत अशा पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्याच येतात. मात्र एक सांगून ठेवतो: कापायचा तो दस्ता, नळी कधीही नाही. नळी कापलेली बंदूक आपल्याकडं कोण आणि कशासाठी वापरतं हे सांगायला नको.

त्या पिवळ्या बंदुकीवर तिचा सराव सुरू झाला. भिंत आणि छत जिथं मिळतात त्या रेघेवरून नळीचं टोक न डगमगता फिरवायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं. गालाला लाकूड आणायचं, लाकडाला गाल न्यायचा नाही. यातच डोळ्याची गोष्ट उघड झाली. हात लांब करून अंगठ्यानं समोरच्या विजेच्या खांबाचं टोक झाकायचं, दोन्ही डोळे उघडे. मग एक-एक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा जागेवर दिसतो तो राजा डोळा. उजव्या हाताच्या पुष्कळ लोकांचा तो डावा निघतो. भाचीचाही निघाला. उजव्या खांद्यावर बंदूक आणि नेम धरणारा डोळा डावा, म्हणजे छर्रा तबकडीच्या बाजूनं जाणार आणि पोर बिचारं कारण शोधत बसणार. दोन वाटा आहेत. चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटा धुरकट टिकला लावायचा, किंवा नव्यानंच सुरुवात करतोय तर डाव्या खांद्यावर शिकायचं. तिनं डावा खांदा घेतला. बहिणीला हे आवडलं नाही. जेवणच काय, दुसरं काहीही डाव्या हातानं केलं तरी तिच्या कपाळावर आठी येते.

लहान चणीच्या बाईनं मोठ्या बंदुकीशी किती झगडावं याचं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या अ‍ॅनी ओकलीचं. पाच फुटांची बाई, बफेलो बिलच्या खेळात नेमबाजी करायची. 1887 साली हा खेळ लंडनला गेला, तेव्हा तिथल्या चार्ल्स लँकेस्टर या बंदूककारानं तिच्या अंगाचं माप घेऊन हलक्या वीसबोर करून दिल्या. तोवर नावाजलेली ही बाई तिच्या अंगाला जड पडणाऱ्या बाराबोरवर निभावत होती. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीट स्त्री-पुरुषांची एकत्र होती. चीनच्या झांग शाननं 225 पैकी 223 तबकड्या फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागं टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या, 1996 च्या ऑलिम्पिकला स्कीटमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. 2000 साली त्यांची वेगळी स्कीट सुरू झाली. या क्रमाबद्दल काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं म्हणावं. भाचीनं एक शब्द उच्चारला, तो मी इथं लिहीत नाही.

आता कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगायचं किमान वय आधी 16 होतं, 1983 च्या दुरुस्तीनं ते 21 झालं. खेळासाठी मात्र सूट आहे. 2016 च्या नियमांप्रमाणं बारा वर्षांपुढच्या मुलाला क्लबात, जाणत्याच्या देखरेखीखाली सराव करता येतो. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीची पहिली बंदूक ही तिच्या नावावर विकत घ्यायची वस्तूच नाही. ती वापरायला मिळते, काम झालं की परत करायची. मला हे फार बरं वाटतं. भोपाळच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली मनीषा कीर 2018 ला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य घेऊन आली, ती मध्य प्रदेश सरकारच्या अकादमीत शिकून. घरच्यांनी बंदूक घेऊन देण्याची वाट बघितली असती तर ती अजून तळ्यातच असती.

आमच्याकडून छऱ्याच्या रेंजला जायचं तर हैदराबाद जवळ. अंबाजोगाईच्या जुन्या लोकांना निजामाच्या काळापासून मोठ्या कामाला हैदराबादच सुचतं, कोर्ट असो की कापड. गच्चीबावलीच्या रेंजवर आम्ही गेलो. किनान चेनाय याच हैदराबादचा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ट्रॅपमध्ये संघाचं सुवर्ण आणि स्वतःचं कांस्य मिळवलेला. भाची त्याचं नाव घेऊन उड्या मारत होती. तिथले प्रशिक्षक शांत होते. त्यांनी आधी कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय पांढऱ्या रेघेच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मग शिकवलं ते फक्त हे: बंदूक चालवत नसाल तेव्हा मोडून, उघडी करून धरायची, म्हणजे दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पन्नास पावलांवरून दिसतं, नळीचं तोंड कुणाकडं वळायचं नाही, तबकडी मागितल्याशिवाय बोट चापाकडं जायचं नाही. एकामागोमाग आपोआप भरणाऱ्या गॅसच्या बंदुकीचा झटका कमी असतो, हे त्यांनी दाजींना मान्य केलं. पण ती बंद असते, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून नवशिक्याला उघडी होणारीच बरी, असं त्यांचं मत. मलाही ते पटलं.

क्लबाची बाराबोर होती. दस्ता आखूड केलेला, मागं जाड रबर. आमच्या घरातल्या जुन्या काडतुसांच्या पितळेवर 'केएफ' असं ठोकलेलं आहे, म्हणजे 1869 पासून चालू असलेला आपला खडकीचा दारूगोळा कारखाना. शक्तिमान काडतुसं तिथलीच. ती शिकारीची, भारी छऱ्याची. इथली 24 ग्रॅमची. तबकडी म्हणजे डांबर आणि चुनखडीची बशी, 110 मिलिमीटर रुंद, 105 ग्रॅम वजनाची. ट्रॅपच्या खंदकात अशा बशा फेकणारी पंधरा यंत्रं असतात, आणि कुठलं सुटेल ते उभ्या माणसाला माहीत नसतं. तिच्यासाठी त्यांनी एकच, सरळ जाणारी लावली.

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला काळा धूर उडाला आणि बशीचे तुकडे गवतात पडले. ती वळून आमच्याकडं बघायला लागली तर प्रशिक्षकांनी आधी तिच्या नळीचं तोंड धरलं, पुढं वळवलं, आणि मग शाबासकी दिली. त्यांनी तिला थोड्याच काडतुसांवर थांबवलं. तिला आणखी हवी होती. ट्रॅपच्या स्पर्धेत 125 तबकड्या, प्रत्येकीला दोन बार मारायची मुभा; म्हणजे छोटा धक्काही दिवसभर खांद्यात साठत जातो. पोर हवं-हवं म्हणत असतानाच थांबवायचं, थकल्यावर नाही, हे त्यांनी दाजींना सांगितलं. संध्याकाळी बहिणीनं दंड तपासला. एक डाग नव्हता.

परतीच्या वाटेवर दाजींचं डोकं खरेदीत. ब्रेशियाच्या खोऱ्यात 1526 पासून बंदुका करणारे बेरेटा, त्याच भागातले पेराझ्झी, सगळ्यांची नावं त्यांनी तिथल्या पालकांकडून जमवली होती. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की ऑलिम्पिकवाले पेराझ्झीच वापरतात. मी म्हटलं, त्या बंदुका मोठ्या माणसांच्या मापानं येतात, लाखांत जातात, आणि ही पोरगी वर्षाला दोन इंच वाढायलीय. झहीराबादच्या आसपास कुठं तरी चहाला थांबलो तेव्हा यादी ठरली: तिच्या डोक्याला बसतील असे कानाचे मफ, तिच्या तोंडाला बसेल असा चष्मा, दस्त्याला लावायची रबरी गादी, आणि क्लबाची वर्षाची फी.

"एवढंच?" दाजी म्हणाले. त्यांना काही तरी जड, पेटीत घालून आणण्यासारखं हवं होतं. "आणि बंदूक?"

"एकवीस झाल्यावर."

"सात वर्षांनी दर काय होतील, माहितेय का तुम्हाला?"

भाची बिस्किट बुडवत होती. "बाबा," ती म्हणाली, "तोवर माझी उंची काय होईल ते आधी सांगा, मग दर विचारू."